मुळशीकरांचे स्थलांतर : खोरे, धरण आणि मुंबई

पुणे शहराच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कुशीत मुळशी तालुका वसलेला आहे. पौड हे त्याचे मुख्य ठिकाण. मुळा, मुठा, मोसे व नीळा या नद्यांच्या खोऱ्यांत विखुरलेली लहान लहान गावे, त्यांच्याही वर डोंगरउतारावरील वाड्या आणि पश्चिमेस कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा असे या प्रदेशाचे स्वरूप आहे. शिवकाळात पौड मावळ, कोरबारसे मावळ, मुठे खोरे व मोसे खोरे या नावांनी ओळखला जाणारा हा मुलूख मावळ्यांचा मुलूख म्हणून इतिहासास परिचित आहे. तथापि गेल्या सव्वाशे वर्षांतील मुळशीकरांचा इतिहास मुळशीपुरता मर्यादित राहिलेला नाही. त्याचा मोठा भाग मुंबईच्या चाळींत, गिरण्यांत, गोदींत आणि लोकलच्या डब्यांत घडला आहे.

प्रस्तुत लेखात या स्थलांतराची कारणे, मुंबईतील मुळशीकरांचे समाजजीवन, गावाशी राहिलेले त्यांचे नाते आणि अलीकडच्या काळात उलट दिशेने वाहू लागलेला प्रवाह यांचा परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

भूमी आणि गरज

मुळशीत पावसाची उणीव नाही. ताम्हिणी परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मात्र हा पाऊस चार महिन्यांत कोसळून निघून जातो आणि उन्हाळ्यात त्याच गावांतील स्त्रियांना पाण्याचा हंडा घेऊन डोंगर उतरावा लागतो. सपाट जमीन थोडी, त्यात भात. येथील आंबेमोहराचा सुवास पुण्याच्या स्वयंपाकघरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. उतारावरील वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. उन्हाळ्यात राब भाजावयाचा, ज्येष्ठात रोप टाकावयाचे, आषाढात चिखलणी करून लावणी, दिवाळीच्या सुमारास कापणी व झोडणी. त्यानंतर पुढच्या पावसापर्यंत बहुतेक शेते रिकामी राहतात.

भावंडांत वाटण्या होत गेल्या तशी खाचरे लहान झाली. एका पिकाच्या भातावर मोठे कुटुंब वर्षभर जगत नसे. लग्नकार्य, आजारपण वा बैलाचा मृत्यू यांपैकी काहीही घडले की सावकाराचे दार गाठावे लागे. रोख पैसा मिळविण्याचा मार्ग गावात नव्हता आणि तो मुंबईत होता. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाल्यापासून मुंबई आवाक्यात आली होती. तिकडे कापडगिरण्या वाढत होत्या, गोदीत माल चढत-उतरत होता आणि मजबूत खांद्यांना मागणी होती. घरातील एक भाऊ शेतीवर आणि दुसरा मुंबईला, अशी वाटणी अनेक घरांतून रूढ झाली. या आरंभीच्या स्थलांतराचे वैशिष्ट्य असे की, माणूस गाव सोडीत नव्हता, तो गाव राखण्यासाठी मुंबईला जात होता.

धरण आणि सत्याग्रह

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या चित्रात एक नवे आणि क्रूर कारण दाखल झाले. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवून ते पश्चिमेस कोकणात सोडावयाचे, त्यावर वीज निर्माण करावयाची आणि ती मुंबईस पुरवावयाची, अशी योजना टाटा उद्योगसमूहाने आखली होती. खोपोली व भिवपुरी येथील वीजगृहांनंतर मुळशीची पाळी आली. मुळा व नीळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचे ठरले. पन्नासांहून अधिक गावांच्या जमिनी त्यामुळे जाणार होत्या आणि हजारो माणसे देशोधडीला लागणार होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन जमिनी संपादन करण्यात आल्या.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी आपल्या बायकामुलांसह धरणाच्या जागेवर बसून काम बंद पाडले. हाच मुळशीचा सत्याग्रह. मूळचे पारनेरचे पांडुरंग महादेव बापट याच लढ्यातून ‘सेनापती’ म्हणून महाराष्ट्रास परिचित झाले. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव आदी कार्यकर्ते त्यांच्यासोबत होते. महात्मा गांधींनीही ‘यंग इंडिया’तून मावळ्यांविषयी सहानुभूती व्यक्त करून टाटांना आवाहन केले होते. सत्याग्रही स्त्रीपुरुषांनी तुरुंगवास सोसला. बापटांना शेवटच्या खेपेस सात वर्षांची शिक्षा झाली.

लढा १९२४ पर्यंत चालला आणि मोडला. तो का मोडला, याचे साक्षेपी विवेचन प्रा. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या ग्रंथात केले आहे. त्यातील एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. अनेक जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या नावे गेल्या होत्या. मावळा पिढ्यान्‌पिढ्या कसणारा असला तरी कायद्याच्या दृष्टीने तो कूळ होता. मोबदल्याचा मोठा वाटा साहजिकच सावकाराकडे गेला. ज्याची जमीन बुडाली त्याच्या हाती थोडके आले, तर काहींच्या हाती काहीच आले नाही.

१९२७ साली कोकणातील भिरा येथील वीजगृह कार्यान्वित झाले. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा त्या काळी अस्तित्वातच नव्हता. महाराष्ट्रात तो १९७६ साली आला, पुढे १९८६ साली सुधारित स्वरूपात आला. १८९४ चा भूसंपादन कायदा तर १ जानेवारी २०१४ रोजी नवा कायदा लागू होईपर्यंत कायम होता. बुडालेल्या गावांतील काही कुटुंबे जलाशयाच्या काठावर, वरच्या अंगाला सरकली. काही इतरत्र पांगली. आणि कित्येकांनी मुंबईची वाट धरली. ज्या पाण्याने त्यांची खाचरे बुडविली त्याच पाण्यावर निर्माण झालेली वीज मुंबईच्या उद्योगांना पुरविली जात होती आणि त्याच मुंबईत मावळ्यांचे मुलगे मजुरीला उभे होते. या वस्तुस्थितीवर अधिक भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

मुंबईतील व्यवसाय

मुंबईत मुळशीकर एकाच व्यवसायात गेले नाहीत. कुणी गिरणीत लागला, कुणी गोदीत, कुणी बाजारात हमाली करू लागला. पाठीवर व डोक्यावर ओझे वाहणाऱ्या कामगारांना दीर्घकाळ कोणतेही संरक्षण नव्हते. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा झाला तेव्हा त्यांना ते लाभले.

परंतु ज्या व्यवसायाने मावळपट्ट्यातील माणसाला जगभर ओळख दिली तो डबे पोहोचविण्याचा. महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली सुमारे शंभर माणसांनिशी या सेवेचा आरंभ केल्याचे सांगितले जाते. मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पुणे जिल्ह्यातील तालुक्यांतून आणि लगतच्या अकोले-संगमनेर भागातून डबेवाले येत राहिले. १९५६ साली त्यांच्या विश्वस्त संस्थेची नोंदणी झाली. कोविडपूर्व काळात सुमारे पाच हजार डबेवाले दररोज सुमारे दोन लाख डबे पोहोचवीत असत.

या सेवेची रचना समजून घेण्यासारखी आहे. सकाळी घरोघरचे डबे गोळा करावयाचे, जवळच्या स्थानकावर त्यांची वाटणी करावयाची, लाकडी खोक्यात तीस-चाळीस डबे रचून ते डोक्यावर घ्यावयाचे, लोकलच्या मालडब्यातून इच्छित स्थानकापर्यंत न्यावयाचे, तेथे पुन्हा वाटणी आणि जेवणाच्या सुट्टीपूर्वी डबा ज्याच्या त्याच्या मेजावर. दुपारनंतर हाच क्रम उलट दिशेने. झाकणावरील रंग, अक्षरे व आकडे पाहून डबा कोठून आला, कोणत्या स्थानकावर उतरावयाचा, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर जावयाचा हे डबेवाला ओळखतो. अल्पशिक्षित माणसालाही वापरता यावी अशीच ही खूण आहे. प्रत्येक टोळीचा एक मुकादम असतो. टोळीतील माणसे बहुधा एकाच पंचक्रोशीतील, नात्यागोत्याची. नवा मुलगा गावातूनच आणला जातो आणि त्याच्या वर्तनाची हमी गावच देते. नोव्हेंबर २००३ मध्ये ब्रिटनचे तत्कालीन युवराज चार्ल्स यांनी चर्चगेट येथे डबेवाल्यांची भेट घेतली, तेव्हा या व्यवस्थेचे जगभर कौतुक झाले. व्यवस्थापनशास्त्राचे विद्यार्थी तिच्यात शिस्त आणि अचूकता पाहतात. ती आहेच, परंतु तिच्या मुळाशी परस्परांना नावानिशी ओळखणाऱ्या गावकऱ्यांचा विश्वास आहे.

गावची खोली

मुंबईत नव्याने आलेला तरुण उतरे तो गावच्या खोलीवर. लालबाग, परळ, वरळी, नायगाव, डिलाईल रोड या भागांतील चाळींत अनेक गावांच्या अशा खोल्या होत्या. दहा बाय बाराच्या एका खोलीत पंधरा-वीस माणसे राहत. पाळ्या निरनिराळ्या असल्याने एक उठला की त्याच्या जागेवर दुसरा निजे. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. भाडे सर्वांनी मिळून भरावयाचे, आजारी माणसाला सर्वांनी मिळून सांभाळावयाचे आणि बेकार असलेल्यास काम मिळेपर्यंत कोणी काही विचारावयाचे नाही, असा अलिखित नियम असे. खोलीतील ज्येष्ठाचा शब्द गावच्या पाटलाच्या शब्दासारखा मानला जाई.

जेवण खाणावळीत. या खाणावळी बहुधा कामगार कुटुंबांतील स्त्रिया चालवीत. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत पाळ्यांनुसार भाकरी थापणाऱ्या या स्त्रियांना कष्टाच्या मानाने हाती फारसे काही उरत नसे आणि त्याही सावकाराच्या व्याजात अडकत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले.

खोलीतूनच गावाची मंडळे उभी राहिली. ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’ अशी पाटी असलेल्या या मंडळांनी गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची खोली, रस्ता, पाण्याची टाकी अशा कामांसाठी वर्गणी जमविली. भिशीतून कुणाच्या लग्नाला, कुणाच्या घराच्या कौलांना पैसा मिळाला. भजनी मंडळ हे तर या जीवनाचे हृदयच. मावळपट्टा वारकरी परंपरेत वाढलेला. आळंदी आणि देहू ही तीर्थे त्याला जवळची. डबेवाल्यांनी आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून आळंदीसारख्या तीर्थक्षेत्री धर्मशाळा उभारल्या. लोकलच्या मालडब्यात टाळ्यांच्या ठेक्यावर चालणारे भजन अनेक मुंबईकरांनी ऐकले असेल.

चैत्रात गावोगावच्या जत्रा येतात. त्या वेळी डबेवाल्यांची सेवा पाच-सहा दिवस बंद असते आणि ग्राहकांना तशी पूर्वसूचना दिली जाते. पालखी कोणी उचलावयाची, मानाचा नारळ कोणाचा, कुस्त्यांचा आखाडा कोणी लावावयाचा, हे सारे मुंबईकर आणि गावकर यांनी मिळून ठरवावयाचे. वर्षभर मुंबईत ओझे वाहणारा माणूस त्या दिवसांत गावचा मानकरी असतो. स्थलांतरिताच्या जीवनात या चार दिवसांचे मोल किती, हे बाहेरच्यास सहज कळणारे नाही.

मागे राहिलेल्या स्त्रिया

या स्थलांतराचा अर्धा भार गावात राहिलेल्या स्त्रियांनी वाहिला, याचा उल्लेख क्वचितच होतो. खोलीत कुटुंबास जागा नव्हती आणि शेत सोडून चालण्यासारखे नव्हते. त्यामुळे पत्नी गावी आणि पती मुंबईस, असे संसार तीस-तीस वर्षे चालले. लावणी, बेणणी, गुरे, सासूसासऱ्यांचे आजारपण आणि मुलांचे शिक्षण हे सारे तिच्या माथी. आधार मनीऑर्डरचा, ती आली नाही तर उधारीचा. पती लावणीला आणि जत्रेला येई. सेवानिवृत्त होऊन तो कायमचा परते, तेव्हा मुले मोठी झालेली असत आणि पुष्कळदा तीही मुंबईस गेलेली असत. सातबाऱ्यावर मात्र या स्त्रियांचे नाव बहुधा नसे. पुढे जमिनींना सोन्याचा भाव आला तेव्हा या उणिवेची किंमत अनेकींना मोजावी लागली.

संप, महासाथ आणि तुटलेले आधार

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतला गेलाच नाही. गिरण्याच हळूहळू बंद पडत गेल्या. अनेक कामगार गावी परतले. ज्या खोल्या गावाच्या होत्या त्यांपैकी कित्येक विकल्या गेल्या, काहींवर वाद झाले. गिरण्यांच्या जागी टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीर्घ लढा झाल्यानंतर २०१२ साली पहिली मोठी सोडत निघाली. तोपर्यंत अनेकांनी जगाचा निरोप घेतला होता.

डबेवाल्यांवरील आघात मार्च २०२० मध्ये आला. टाळेबंदीमुळे लोकल थांबली आणि कचेऱ्या बंद झाल्या. शतकाहून अधिक काळ चाललेली सेवा एका दिवसात ठप्प झाली. बहुसंख्य डबेवाले गावी परतले आणि शेतमजुरी, रखवाली, रिक्षा असे मिळेल ते काम करू लागले. सेवा पुन्हा सुरू झाली, परंतु घरून काम करण्याची पद्धत रुजल्याने डब्यांची आणि डबेवाल्यांचीही संख्या पूर्वीच्या मानाने बरीच घटली. एक गोष्ट मात्र या संकटात स्पष्ट झाली. ज्याचे गावात घर आणि थोडी जमीन होती तो उपाशी राहिला नाही. ज्याने ती विकली होती त्याला परतावयास जागा नव्हती.

उलट प्रवाह

दरम्यान मुळशीत वेगळेच घडत होते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात औद्योगिक विकास महामंडळाने हिंजवडी येथे माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारण्यास आरंभ केला. हिंजवडी, माण, मारुंजी ही सारी मुळशी तालुक्यातील गावे. पिरंगुट परिसरात कारखाने आले. बावधन, भूगाव, सूस, म्हाळुंगे येथे गृहसंकुले उभी राहिली. यांपैकी सूस, म्हाळुंगे व बावधन बुद्रुक ही गावे २०२१ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. मोसे खोऱ्यात लवासा हे खासगी गिरिस्थान उभे राहू लागले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने त्याचे काम थांबविण्याची नोटीस बजावली आणि २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तालुक्याची लोकसंख्या २००१ साली सुमारे सव्वा लाख होती, ती २०११ च्या जनगणनेत सुमारे १ लाख ७१ हजार झाली. ज्या तालुक्यातून माणसे बाहेर जात होती त्याच तालुक्यात आता मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून माणसे येत आहेत.

या भरभराटीत मुळशीचे दोन भाग पडले आहेत. पुण्यालगतच्या पूर्व भागात जमिनींना भाव आला. गुंठ्यागुंठ्याने जमिनी विकल्या गेल्या. कुणी तो पैसा व्यवसायात घातला, कुणाचा मोटारगाडीत आणि समारंभात संपला. जमीन गेल्यावर त्याच जागेवर रखवालदार म्हणून उभे राहण्याची पाळी आलेल्या शेतकऱ्याची आणि गुन्हेगारीकडे वळलेल्या त्याच्या मुलाची व्यथा प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) या चित्रपटाने महाराष्ट्रापुढे मांडली. पश्चिमेकडील जलाशयाच्या काठावर मात्र गावे रिकामीच होत राहिली. तेथील तरुणास आता मुंबईऐवजी पुणे वा हिंजवडी जवळ आहे. परंतु गावात थांबण्याचे कारण त्याला अद्याप मिळालेले नाही. मुळशीचे पाणी पश्चिमेस न सोडता पूर्वेकडील भीमा खोऱ्यात वळवावे, ही मागणी होत आली आहे. ती मान्य झाली तरी त्या पाण्यात काठावरच्या गावांचा वाटा किती, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा लागेल.

याच तालुक्यातील कातकरी बांधवांचे स्थलांतर आणखी वेगळे आहे. त्यांना शहर मिळाले नाही आणि गावही पुरतेपणी मिळाले नाही. दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर वा कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलांचे शाळेतील नाव पटावर राहते, मूल भट्टीवर असते. मुंबईकरांच्या मंडळासारखे कोणतेही मंडळ त्यांच्या पाठीशी नाही.

इतरत्रचा अनुभव

मुळशीची ही कथा जगावेगळी नाही. केनिया देशाच्या आग्नेय भागात तैता टेकड्या आहेत. तेथील तैता लोक डोंगरउतारावर शेती करणारे. वसाहतकाळात पायथ्याच्या जमिनींवर घायपाताचे मळे उभे राहिले आणि १९४८ साली त्साव्हो राष्ट्रीय उद्यानाची स्थापना झाली. मोंबासा बंदराहून नैरोबीस जाणारी रेल्वे टेकड्यांच्या पायथ्याशी व्होई येथून जाते, आणि तैता तरुण त्याच वाटेने या दोन शहरांत कामासाठी जात आले आहेत. डोंगरातील तोकडी शेती, दुसऱ्यांच्या उपयोगासाठी गेलेली भूमी, जवळून जाणारी रेल्वे आणि तिच्या टोकाचे बंदर, एवढ्या गोष्टी एकत्र आल्या की काय घडते हे मुळशीत आणि तैता टेकड्यांत सारखेच दिसते.

समारोप

मुळशीकरांच्या स्थलांतराकडे केवळ दैन्याची कहाणी म्हणून पाहणे योग्य होणार नाही. परक्या शहरात त्यांनी परस्परांवरील विश्वासाच्या बळावर एक व्यवस्था उभी केली, गावाला शाळा आणि रस्ता दिला आणि आपल्या मुलांना शिकविले. तथापि ज्या गोष्टी गमावल्या त्यांची नोंद राहिली पाहिजे. जलाशयाखाली गेलेल्या गावांची नावे, तेथील देवळे, विहिरी व शेतांची नावे ठाऊक असलेल्यांच्या मुलांची पिढीही आता वृद्ध झाली आहे. गावच्या खोल्यांत आयुष्य काढलेली माणसे एकेक करून जात आहेत. प्रत्येक ग्रामस्थ मंडळाने आपल्या ज्येष्ठांच्या आठवणी लिहून ठेवल्या, जुन्या वर्गणीच्या वह्या जपून ठेवल्या, तर मोठे कार्य होईल. जमीन विकण्यापूर्वी घरातील स्त्रीची संमती घेणे आणि परतण्यापुरता तरी तुकडा राखणे, हा धडा १९२१ आणि २०२० या दोन्ही वर्षांनी दिला आहे.

आज हिंजवडीच्या रस्त्यालगत पत्र्याच्या खोलीत दहा-दहा मजूर राहतात, पाळीने निजतात आणि महिनाअखेर गावी पैसे पाठवितात. त्यांची भाषा वेगळी आहे, जीवन मात्र मुळशीकरांच्या आजोबांचेच आहे. मुंबईत परके म्हणून राहिलेल्यांच्या वंशजांनी या नव्या परक्यांशी कसे वागावे, हे त्यांना इतर कोणी शिकविण्याची गरज पडू नये.